तीस हजार एकतीस थेंब

आंबेखोऱ्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, एका कुडाच्या खोपट्यात वेणू राहायची. वेणू नऊ वर्षांची होती. तिला वडील नव्हते. आई लोकांच्या घरी भात कांडायला जायची आणि संध्याकाळी पदरात बांधून मूठभर कण्या आणायची. त्या कण्यांची पेज व्हायची. पेज इतकी पातळ असायची की तिच्यात दिव्याची ज्योत दिसायची.

वेणूची धाकटी बहीण चिमी, चार वर्षांची. गोबऱ्या गालांची, पिटुकल्या पावलांची. ती हसायची तेव्हा शेजारच्या साळूकाकू हातातलं काम टाकून दारात यायच्या. पण भादव्यात चिमीला ताप आला. सात दिवसांनी ताप उतरला आणि जाताना चिमीचं हसू घेऊन गेला. चिमी बोलेना, रडेना, उठून बसेना. डोळे उघडे ठेवून नुसती आढ्याकडे बघत राही. दोन घोट पेज गिळायची, मग तोंड मिटून घ्यायची. गोबरे गाल आत गेले. हात काडीसारखे झाले.

वैद्यबुवा तीनदा येऊन गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी आपली पिशवी उघडलीच नाही.

"माझ्याकडचं औषध ताप काढतं," ते आईला म्हणाले. "हसू परत आणणारं औषध माझ्यापाशी नाही, बाई. उन्हाळा लागेपर्यंत पोर तग धरेल असं वाटत नाही."

आई चुलीपुढे बसली आणि विझलेल्या चुलीत फुंकर घालत राहिली.

पौष महिना होता. थंडीने हाताची बोटं आखडून जात. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच वेणू काटक्या वेचायला देवराईत गेली. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथे कुणी झाड तोडत नाही. खाली पडलेल्या काटक्या तेवढ्या उचलायच्या. चालता चालता वेणू त्या दिवशी नेहमीपेक्षा आत गेली आणि झाडांच्या मधोमध तिला एक गोल हिरवं कुरण दिसलं.

कुरणभर दव पडलं होतं. गवताच्या प्रत्येक इवल्या पात्यावर एक इवला थेंब. कुठला मोरपिशी, कुठला केशरी, कुठला जास्वंदीसारखा लाल, कुठला कोवळ्या पानासारखा पोपटी. लुकलुक लुकलुक करत सगळे जागे होते. वेणू काठावर थबकली. पलीकडे काटक्या पुष्कळ पडल्या होत्या, पण जायचं तर थेंबांतून जावं लागणार होतं. ती मधल्या दगडांवरून, एका पायावर तोल सावरत, उड्या मारत निघाली.

"दगडांवरून का जातेस गं?" कुणीतरी विचारलं. आवाज पाण्यावर पान पडावं तसा हलका होता.

वेणूने वर पाहिलं. एका उंच गवताच्या तुऱ्यावर वीतभर उंचीची परी बसली होती. तिचे पंख धुक्याचे होते, झगा धुक्याचा होता, आणि केसांत बारीक बारीक थेंबांची माळ होती.

"पायाखाली येऊन थेंब फुटतील म्हणून," वेणू म्हणाली.

"थांबून विचार करणारी तू पहिलीच. मी दवपरी. बस त्या दगडावर. तुझे डोळे का सुजलेत?"

वेणूने चिमीचं सगळं सांगितलं. परी ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिचे धुक्याचे पंख मिटले.

"या खोऱ्यात दीडशे गावं आहेत," परी म्हणाली. "कार्तिकात पहिलं दव पडतं, त्या दिवशी खोऱ्यात जितकी मुलं असतात तितके थेंब मी या कुरणावर ठेवते. एकेका थेंबात एकेका मुलाचं हसू असतं. यंदा तीस हजार एकतीस आहेत. चिमीचाही थेंब यातच आहे, विझत आलेला."

"मग तो पेटव ना!"

"माझ्या एकटीच्या हातात नाही ते. हे थेंब सारख्या ओळींत बसले, की उजेड एकातून दुसऱ्यात सरळ धावतो. एवढा उजेड जमतो की त्यातून एक इच्छा पुरी होते. पण सगळ्या ओळी सारख्या हव्यात, आणि एकही थेंब बाहेर राहता कामा नये. एक जरी उरला, तरी उजेड तिथेच अडतो."

"मी बसवते ओळीत," वेणू उठलीच.

"हात लावायचा नाही. तू फक्त आकडा सांगायचास, एका ओळीत किती ते. थेंब आपले आपण रांगा लावतील. एका सकाळी एकच आकडा. एकेका थेंबाची ओळ चालणार नाही, आणि सगळ्यांची मिळून एकच लांब ओळही चालणार नाही. ऊन कुरणावर आलं की थेंब उडून जातात, दुसऱ्या दिवशी तेवढेच परत येतात. माघात ऊन तापायला लागलं की मात्र दव थांबतं, आणि माझंही जाणं होतं."

वेणूने आपल्या दोन्ही हातांची बोटं पाहिली. "दहा," ती म्हणाली.

आणि काय सांगावं! सगळ्या कुरणात टिपटिप टिपटिप झालं. लाल थेंब पळाले, निळे पळाले, पोपटी घरंगळत आले. दहा-दहाच्या तीन हजार तीन ओळी लागल्या, दिवाळीच्या पणत्यांसारख्या. आणि शेवटच्या ओळीच्या मागे, गवताच्या एका पात्यावर, एक थेंब एकटाच उरला.

"एक उरला," परी हळूच म्हणाली.

तेवढ्यात ऊन आलं आणि सगळं विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी वेणूने दोन आकडा सांगितला. जोड्या जोड्या लागल्या. एक उरला. तिसऱ्या दिवशी तिने चार सांगितला. त्या दिवशी तीन उरले.

त्या संध्याकाळी वेणू चिमीच्या उशाशी चिंचोके घेऊन बसली. अकरा चिंचोके मांडले. दहाची एक ओळ, एक उरला. मग तिने ती ओळ मधून मोडली. पाच-पाचाच्या दोन ओळी झाल्या. परत मोडून जोड्या केल्या. उरलेला चिंचोका मात्र होता तिथेच होता.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "दहाला एक उरला म्हणजे पाचालाही एकच उरणार, दोनालाही एकच उरणार. आणि ज्यांच्या जोड्याच लागत नाहीत त्यांचे चार-चार कसे लागतील?"

दोन सकाळी तिने वाया घालवल्या होत्या. चिमीच्या वाट्याच्या दोन सकाळी. वेणूने चिंचोके गोळा केले आणि तोंड गोधडीत खुपसून रडली. आईने पाठीवर हात ठेवला. "काय झालं गं?" तिने विचारलं. पण हे सगळं आईला कसं सांगायचं ते वेणूला कळेना.

मग मात्र ती शहाणी झाली. जो आकडा स्वतःच सारख्या ओळींत मोडतो, तो सोडून द्यायचा. सहा सोडला, आठ सोडला, नऊ सोडला. तिने तीन सांगितला, एक उरला. सात सांगितला, एक उरला. अकरा सांगितला; पुन्हा एकच उरला. रोज कुरणभर रंग लखलखायचे, रोज ओळी सरळ रेषेत उभ्या राहायच्या, आणि रोज मागे तो एक.

"परीमावशी," वेणूने विचारलं, "ही संख्या कुठल्या तरी आकड्याने मोडते ना?"

परीने केसांतल्या माळेतला एक थेंब बोटावर घेतला.

"मला माहीत नाही, बाळ. काही संख्या मोडतच नाहीत. दोनाने नाही, शंभराने नाही, कशानेच नाही. कितीही ओळी मांडा, काही ना काही उरतंच. ही तशी असेल तर मी काय करणार? मी थेंब ठेवते, मोजते. त्यांचा स्वभाव मला बदलता येत नाही."

त्या दिवशी वेणू काटक्या न घेताच घरी आली.

चिमीने आता पेजेचे दोन घोटही घेणं सोडलं होतं. आई कापसाच्या बोळ्याने तिचे ओठ ओले करत होती. साळूकाकू जवळ बसल्या होत्या. त्यांनी वेणूला अंगणात नेलं आणि विचारलं, "रोज कुठे जातेस पहाटेची? आईला तुझी काळजी लागते." वेणूला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं.

काकूंनी नीट ऐकून घेतलं. मग इकडेतिकडे बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकच उरतो ना दर वेळी? मग वेडे, बोट लावून पुसून टाक तो. संपलं की सगळं."

वेणूच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तेरा आकडा सांगितला. ओळी लागल्या. मागे एक उरला. तो तिच्या पायापासून हातभरच दूर होता. पिवळसर, शेवंतीच्या पाकळीच्या रंगाचा. वेणूने बोट पुढे केलं.

"हा मी पुसला तर?" तिने विचारलं. "खरं सांग."

"तर ओळी पुऱ्या होतील," परी म्हणाली. "चिमी बरी होईल. मला ते द्यावंच लागेल. आणि हा थेंब ज्याचा आहे ते मूल तुझ्या चिमीसारखं अंथरुणावर पडेल."

"कुणाचा आहे?"

"ते मला दिसत नाही. खोऱ्यातल्या कुणाचा तरी."

वेणूचं बोट थेंबाच्या अगदी जवळ होतं. थेंबात तिला स्वतःचं उलटं, इवलंसं तोंड दिसत होतं. तिला वाटलं, कुठेतरी एक घर असेल. तिथे कुणीतरी आत्ता उठून अंगणात पळत असेल. उद्या त्याची आईही कापसाचा बोळा पाण्यात बुडवेल. चिमीचे सुकलेले ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले. तिला चिमी हवी होती, फार हवी होती. तिचं बोट तिथेच राहिलं, आणि मग ती मोठ्याने रडायला लागली आणि तिने तो हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून मागे ओढला.

ऊन आलं. थेंब उडून गेले.

घरी काकू वाट पाहत होत्या. "झालं का?"

"नाही पुसला."

"का गं? परक्याच्या पोरासाठी सख्ख्या बहिणीला घालवतेस?"

"काकू, तो तुमच्या धोंडूचा असता तर?"

साळूकाकूंचा धोंडू अंगणात कोंबडीमागे धावत होता, खिदळत होता. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्या घरात गेल्या. थोड्या वेळाने त्या वाटीभर दूध घेऊन आल्या आणि चिमीच्या उशाशी ठेवून गेल्या.

पण चिमीने दूधही घेतलं नाही.

सतरा आकडा सांगितला त्या दिवशी नऊ थेंब उरले. एकोणीसला अकरा उरले. तेवीसला सोळा, एकोणतीसला परत सोळा. आता एक पुसून भागण्यासारखंही राहिलं नव्हतं. एकतीसला तेवीस उरले. सदतीसला चोवीस. सकाळी गरम होऊ लागल्या. थेंब तेवढेच यायचे, पण वेणू आकडा सांगून मोजते न मोजते तोच काठाकाठाने विरायला लागायचे. परीच्या पंखांचं धुकं पातळ झालं होतं. त्यातून पलीकडची झाडं दिसायची. एक्केचाळीसला एकोणीस. त्रेचाळीसला सतरा. सत्तेचाळीसला तर पंचेचाळीस उरले, अजून दोनच असते तर ओळ पुरी झाली असती. त्रेपन्नला तेहतीस.

"अजून किती सकाळी आहेत?" वेणूने विचारलं.

"एखाद-दुसरी असेल," परी म्हणाली.

"आणि आकडे?"

परीने कुरणावरून नजर फिरवली. आकडे पुष्कळ होते.

दुसऱ्या दिवशी वेणू गेली नाही. ती चिमीला बिलगून पडून राहिली. चिमीचा श्वास इतका हलका होता, की तो जाणवावा म्हणून वेणू स्वतःचा श्वास रोखून धरायची. उजाडलं, ऊन दारात आलं, भिंतीवर चढलं. एक सकाळ गेली.

त्याच्या पुढच्या पहाटे चिमीची पावलं गार पडली. आईने ती छातीशी धरली, चोळली. मग तिने डोक्यावरून पदर घेतला. "मी वैद्यबुवांचे पाय धरते," ती म्हणाली. "तू हिच्याजवळ बस, वेणू. हिला एकटी सोडू नकोस." आणि ती अंधुक उजेडात धावतच गेली.

वेणू बसून राहिली. चिमी आढ्याकडे बघत होती. पाच महिने तिने आढ्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. वेणूला एकदम वाटलं, हिने निदान एकदा ते रंग तरी पाहावेत. तिने चिमीला गोधडीत गुंडाळलं आणि कडेवर घेतलं. चिमीचं वजनच लागेना. काटक्यांची मोळी याहून जड असायची.

कुरणावर दव होतं. परी तुऱ्यावर नव्हती. ती एका दगडाला टेकून खाली बसली होती. उभं राहण्याएवढंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"आलीस," ती म्हणाली. "आजचं दव शेवटचं. आकडा सांग."

"आज आकडा नको," वेणू म्हणाली. "चिमीला थेंब दाखवायला आणलंय." ती दगडावर बसली. तिने चिमीचं डोकं खांद्यावर टेकवलं, तोंड कुरणाकडे केलं. "बघ चिमे, तो लाल बघ. तो निळा, मोरासारखा. आणि इकडे केशरी आहे, बघ ना गं."

चिमीचे डोळे उघडे होते. ती बघत होती की नाही ते कळत नव्हतं.

"सकाळ फुकट जाऊ देऊ नकोस," परी म्हणाली. "कुठलाही सांग."

त्रेपन्ननंतर चोपन्न मोडत होता. पंचावन्न मोडत होता, छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्नही. हे सगळं वेणूने चिंचोक्यांवर केव्हाच करून ठेवलं होतं.

"एकोणसाठ," ती म्हणाली आणि तिने कुरणाकडे पाठ फिरवली. पुन्हा उरलेले थेंब बघण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. ती चिमीच्या गार कपाळावर गाल टेकवून बसली. मागे टिपटिप टिपटिप झालं, बराच वेळ चाललं, मग थांबलं.

परी शेवटच्या ओळीकडे बघत राहिली.

"किती उरले?" वेणूने विचारलं.

परी दगडाला धरून पुढे वाकली.

"सांग ना गं. किती उरले?"

"एकही नाही," परी म्हणाली.

वेणू वळली. कुरणावर ओळी लागल्या होत्या, पाचशे नऊ ओळी, प्रत्येकीत एकोणसाठ थेंब. शेवटच्या ओळीच्या मागे गवत होतं, नुसतं गवत. पहिल्या थेंबातून उजेड निघाला. तो दुसऱ्यात शिरला, तिसऱ्यात शिरला, ओळीच्या टोकाला पोचला, पुढच्या ओळीत उतरला. लाल, केशरी, पोपटी, जांभळा, असा झुळझुळत तो सगळं कुरण हिंडून आला, आणि कुठेही अडला नाही.

"लवकर माग," परी म्हणाली. "ऊन येतंय."

"माझ्या चिमीचं हसू परत दे," वेणू म्हणाली. ते शब्द तिच्या तोंडून नीट निघालेही नाहीत.

पण परीला ते कळले. ती उठून उभी राहिली. तिचे पंख उघडले, आणि आता ते धुक्याचे राहिले नव्हते. त्यांत तीस हजार एकतीस रंग होते.

"त्या दिवशी तू तो एक थेंब पुसला असतास," ती म्हणाली, "तर चिमी तुला तेव्हाच मिळाली असती. कुणीही तुला बोललं नसतं. तो कुणाचा होता ते मला अजूनही माहीत नाही, आणि त्या मुलालाही कधी कळणार नाही. पण तो आजच्या ओळींत आहे, वेणू. तो नसता तर आज एकोणसाठाला ओळ अपुरी राहिली असती. जपून राहा गं, बाळ."

डोंगराच्या कडेवरून ऊन कुरणावर उतरलं. एकदम इतका उजेड झाला की वेणूने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दगड रिकामा होता. थेंब नव्हते, परी नव्हती. हवेत बारीक सोनेरी धूर होता, तोही बघता बघता निवळला.

वेणूच्या कुशीत काहीतरी हललं.

"ताई," चिमी म्हणाली. आवाज घोगरा होता, पाच महिने न वापरलेला. "मला खाली सोड. तू मला आवळतेस."

वेणूने तिला खाली ठेवलं. चिमीचे पाय लटपटले. तिने वेणूचा परकर धरला आणि एक पिटुकलं पाऊल ओल्या गवतात टाकलं.

"ई! गार!" ती किंचाळली. मग तिने दुसरं पाऊल टाकलं, पुन्हा किंचाळली, आणि हसली.

आई वैद्यबुवांना घेऊन आली तेव्हा खोपटं रिकामं होतं. ती वेड्यासारखी देवराईकडे धावली. मागून साळूकाकू धावल्या, धोंडू धावला, वैद्यबुवा धापा टाकत आले. वळणावर आई थांबली. समोरून वेणू येत होती. तिने गोधडी खांद्यावर टाकली होती आणि दोन्ही हात मोकळे होते. तिच्या पुढे चार पावलं, भिंतीला धरून चालावं तसे हात पसरून, चिमी चालत येत होती.

"आई," चिमीने लांबूनच हाक मारली, "मला भूक लागली!"

आई वाटेतच, धुळीत, मटकन खाली बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.